अदृश्य होण्याचे नियम

भूम तालुक्यात सुपरहिरोंविषयी सर्वांत जास्त तक्रारी कुणाच्या असतील, तर त्या माझ्या साडूंच्या. सुपरहिरोंचा एक बैठा खेळ असतो. टेबलाभोवती चारजण बसतात, प्रत्येकजण आपला हिरो रचतो, एकजण गोष्ट पुढं नेतो आणि अडलं की फासे टाकतात. त्याचे नियम सांगणारी जाडजूड इंग्रजी पुस्तकं साडू मागवतात. खेळ ते कधी खेळले नव्हते, भूममध्ये खेळणार कुणाशी? पण जमीन घेणारा माणूस सातबारा वाचतो तशी ती पुस्तकं वाचायचे. नवं पुस्तक आलं की आधी शिवण ओढून बघायची, मग शेवटची सूची. चित्रांवर त्यांचा विशेष राग. "पान भरून बुक्की मारतोय, अन् बुक्की लागल्यावर काय होतं ते बारीक अक्षरात," असं म्हणत भिंग शोधायचे. परीक्षेचा प्रश्नही ठरलेला होता. आठवडी बाजारात बैल उधळला, हिरोनं तो उचलला. आता ठेवायचा कुठं? खाली तर भाजीवाल्या बसल्यात. बहुतेक पुस्तकं इथंच नापास व्हायची. फेकण्याचे नियम पानभर, हळूच खाली ठेवण्याचा एकही नाही. ईट गावच्या एका लग्नात त्यांनी हाच प्रश्न शेजारी जेवणाऱ्या शेतकऱ्याला घातला. त्यानं घास थांबवून विचारलं, "बैल कुणाचा?" साडू दिवसभर खुशीत होते. "एकाही लेखकाला हे सुचलं न्हाय," म्हणाले.

मागच्या वर्षी अक्काच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही दोघं परंड्याहून भेटायला गेलो. पडून पडून अक्का वैतागली होती. साडूंनी भीतभीतच फासे काढले. "चौघं आहोत. खेळून बघायचं का?"

"मला काय शक्ती मिळंल?" अक्कानं विचारलं.

"तू म्हणशील ती."

"मग दुपारी कुणाला दिसू नये मी."

साडूंना आनंद झाला. अदृश्य होण्याचे नियम त्यांना पाठ होते. शत्रूच्या मागून जाता येतं, वार चुकवता येतो, असं ते सांगू लागले.

"मला कुणाशी लढायचं न्हाय," अक्का म्हणाली. "नुसतं बसायचंय."

त्यांनी आपलं सर्वांत लाडकं पुस्तक उघडलं, मग दुसरं, तिसरं. नुसतं बसण्याविषयी कुणीच काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी कपाटाच्या तळातून एक पातळ, स्वस्त छपाईचं पुस्तक निघालं. त्यात एवढंच होतं, की नियम सापडला नाही तर खेळणाऱ्याला विचारा, ही शक्ती त्याला कशासाठी हवी आहे. साडूंनी चष्मा काढून विचारलं.

अक्का म्हणाली, "दिसले की कुणीतरी काहीतरी मागतंय. तुमीबी."

त्यावर फासे टाकायचं कुणाला सुचलं नाही. मग साडूच गोष्ट सांगू लागले. गोष्टीत अक्का परंड्याच्या किल्ल्याच्या तटावर बसली, खाली कोण कोण आलं, तिला शोधून दमलं आणि परत गेलं. अक्का डोळे मिटून ऐकत होती.

आता अक्का चालते. परवा दुपारी मी अचानक भूमला गेलो, तर साडू दारातच खुर्ची टाकून बसले होते. आत अक्का खिडकीपाशी शेंगा फोडत बसलेली मला चांगली दिसत होती. तेवढ्यात शेजारीण आली आणि तिनं अक्का आहे का म्हणून विचारलं.

साडूंनी मागं वळून घरभर नजर फिरवली. "न्हाय बा," ते म्हणाले, "मला तर कुठं दिसंना."