गाडीतून उतरायचं नाही

जंगलाच्या फाटकावर आमच्याकडून एक कागद भरून घेतला. अर्धा कन्नडात, अर्धा इंग्रजीत. माझी आई निलंग्याकडची, त्यामुळं कन्नड मला थोडंफार बोलता येतं, वाचता येत नाही. इंग्रजी तर बोलताही येत नाही. मी सातवीतून शाळा सोडलेली. आमच्या ह्यांनी बोट ठेवत ठेवत वाचून सांगितलं, "प्राण्यांना खायला द्यायचं न्हाई. मोठ्यानं बोलायचं न्हाई. आन् काही झालं तरी गाडीतून उतरायचं न्हाई." एवढं वाचून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हे वाक्य तुझ्याचसाठी छापून राहिले वाटतं हे लोक."

मी हसले आणि सही केली. कोणी एक जण जरी खाली उतरला तरी गाडी तिथनंच परत फिरते, सगळ्यांची फेरी गेली, असं फाटकावरच्या माणसानं वरून तोंडीही बजावलं होतं.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या लातूरकडच्या भागात 'आवाज आला' म्हटलं की कशाचा, असं कोणी विचारत नाही. आवाज म्हणजे जमिनीतला. ढग पोटात घेऊन भुई गुरगुरते तसा. भूकंपाच्या आधी वर्षभर तो अधूनमधून येत होता. माणसं घाबरून अंगणात झोपायची, पुन्हा कंटाळून आत जायची. ज्या दिवशी खरंच घरं पडली त्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, जागे होते. आवाज आला आणि ते एकच शब्द ओरडले, "भायेर." मी धाकट्या भावाला काखेत घेऊन अंगणात आले, मागं वळले तर आमच्या घराच्या जागी धूळ उभी होती. आम्ही सगळे वाचलो. गावात असं म्हणू शकणारी घरं थोडी होती. म्हणून मला कोणी भित्री म्हटलं तर मी वाद घालत नाही. पळाले म्हणून आहे.

पुढं शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली. मी गेले नाही. आईला आजारपण लागलं, भावंडं लहान, चूल माझ्याकडं आली आणि ती माझ्याकडंच राहिली. लग्न होऊन लातुरात आले. हे किनवटकडचे, क्लासेसच्या गल्लीत ह्यांनी झेरॉक्सचं दुकान टाकलेलं. बाहेरगावाहून पोरी शिकायला येऊ लागल्या, खोल्या करून राहू लागल्या, आणि त्यांच्या जेवणाचे हाल बघून मी चार डबे सुरू केले. चाराचे चाळीस झाले, मग मेस झाली. माझ्या हातची भाकरी खाऊन किती पोरी डॉक्टर झाल्या. कुठल्याही गावच्या दवाखान्यात गेले की मला वाटतं, आत आपलीच एखादी असेल. सातवीवाल्या बाईला यापेक्षा काय पाहिजे.

पण पाय ऐकत नव्हते. इतक्या वर्षांत कुठं म्हणून मी धड बसू दिलं नाही ह्यांना. तिरुपतीला लॉजच्या तळघरात पाण्याची मोटर सुरू झाली तर मी ओल्या केसांनी रस्त्यावर. हैदराबादला सिनेमात पडद्यावर रणगाडे आले, खुर्ची थरथरली, मी ह्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं, सिनेमा कसा संपला ते आम्हाला आजही माहीत नाही. नांदेड स्टेशनवर तर गाडीत बसून झालं होतं. शेजारच्या रुळावरून मालगाडी गेली, फलाट हादरला, मी खाली उतरले, माझ्यामागं हे उतरले, आणि आमची गाडी निघून गेली. बॅग एकटीच औरंगाबाद बघून आली.

हे कधी रागावले नाहीत. नुसतं कुठं जायचं नाव काढणं बंद केलं.

ह्यांची इच्छा एकच होती, ती मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे. किनवटच्या रानात ह्यांनी लहानपणी अस्वल बघितलं, रोही, म्हणजे नीलगायी, बघितले, वाघाचा पंजा चिखलात बघितला. हत्ती मात्र आपल्याकडच्या जंगलात नाही. "हत्ती म्या वरातीत बघितला, देवळात बघितला. पायात साखळीच. एकदा मोकळा बघायचा हाय," असं ते कधीमधी म्हणायचे आणि झेरॉक्सचं झाकण लावायचे.

माझ्या मेसमधली एक पोरगी शिकून म्हैसूरला डॉक्टर झाली. तिनं फोनवर हे ऐकलं. "काकू, नीटची परीक्षा झाली की लातूर रिकामंच होतं. मेस बंद असते. काकांना घेऊन या. सगळं मी करते." तिनंच रेल्वेची तिकिटं काढली, म्हैसूरच्या पुढं डोंगरातल्या जंगलात दोन दिवसांची खोली काढली आणि जंगलात गाडीतून फिरायच्या दोन फेऱ्या. मी तिला हो म्हटलं आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. ह्यांच्या हत्तीला दोनच संधी होत्या आणि दोन्हींमध्ये मी शेजारी बसणार होते.

"मी खोलीवरच थांबते," मी निघायच्या आधी म्हणून बघितलं. "तुम्ही जाऊन या."

"मंग मी बी खोलीवरच. दोघं मिळून भिंतीवरचा हत्ती बघू."

"चेष्टा नका करू. मला फिकीर लागली हाय."

"लागू दे की. फिकीर घेऊन बस गाडीत. तिचं तिकीट लागत न्हाई."

पहिली फेरी संध्याकाळची. उघडी जीप, वर नुसतं कापडाचं छत. ते बघून मला जरा बरं वाटलं, पडण्यासारखं वर काही नव्हतं. आमच्यासोबत पुण्याचे एक निवृत्त साहेब आणि त्यांच्या मिसेस. साहेबांच्या गळ्यात तान्ह्या लेकराएवढा कॅमेरा. त्या फेरीत हरणं दिसली, गवे दिसले, झाडाच्या शेंड्यावर तांबडी मोठी खार दिसली. मी दांडा घट्ट धरून बसले, एकदाही उठले नाही. पण खरं सांगते, निम्मा वेळ डोळे मिटून होते. हत्ती काही आला नाही. परत येताना मला उगीचच वाटत राहिलं की माझ्यामुळंच आला नाही.

दुसरी फेरी सकाळची, म्हणजे शेवटची. डोंगरावर धुकं होतं, बांबूची बेटं ओली. साहेब तोवर मोकळे झाले होते.

"लातूर म्हणजे ते बोर्डात येणारे," ते म्हणाले.

"हाव, तेच," हे म्हणाले.

"आमचा भाचा होता तिकडे दोन वर्षं. जेवणाला फार नावं ठेवायचा."

"मंग तो आमच्याकडं जेवला न्हाई. आमची मेस पोरींची हाय."

मिसेस हसल्या. ड्रायव्हरनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि एका तळ्याच्या अलीकडं गाडी उभी करून इंजिन बंद केलं. पंचेचाळीस-पन्नाशीचा काळासावळा गृहस्थ, कमी बोलणारा. तळ्यावर बगळे तेवढे होते. आम्ही बसून राहिलो. बराच वेळ गेला. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. "इथे काही नाही. पुढे घ्यायला सांगा," असं ते मिसेसना म्हणाले. ड्रायव्हरचा हात चावीकडं गेला.

मी गाडीत चप्पल काढून बसते. कुठंही गेले तरी तळवे भुईला, फरशीला, पत्र्याला टेकलेले लागतात, नाहीतर मला चैन पडत नाही. तर त्याच वेळी माझ्या तळव्यांना तो आवाज लागला. मग छातीत लागला. कानाला म्हणाल तर जवळजवळ नाहीच. बारीक, जड गुरगुर. थांबला. पुन्हा आला.

माझे गुडघे आपोआप उठले. हात दांड्यावर, एक पाय पायरीकडं. तोंडातून निघून गेलं, "आवाज आला."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. ते तोंड मी कधी विसरणार नाही. राग नव्हता त्यात. रेल्वे निघून जाताना फलाटावर उभे होते तेव्हा होतं तसं तोंड. हळूच म्हणाले, "इथं कुठला आवाज गं. बस." आणि मग, माझी नजर पायरीवर बघून, "बरं. उतरायचं आसंल तर मी बी उतरतो."

त्यांनी हात धरून खाली बसवलं असतं तर मी हिसका देऊन पळाले असते. पण हे 'मी बी उतरतो' म्हटले आणि मी थबकले. एवढ्या वर्षांची इच्छा ती, आणि माणूस ती माझ्यासोबत खाली टाकायला निघाला.

भूकंपानंतर आमच्याकडं एक रीत पडली होती. घरात तांब्यावर तांब्या, वर पेला असं रचून ठेवायचं, पेल्यात काठोकाठ पाणी. भुई हलली की आधी पाणी हलतं, पेला पडतो, माणूस जागा होतो. दादा म्हणायचे, आवाजाचा भरवसा नको, पाणी बघ. मला ते तिथं आठवलं की काय कोण जाणे, पण माझी नजर समोरच्या बाटलीवर गेली. अर्धी भरलेली, सीटच्या जाळीत अडकवलेली. पाणी गप्प होतं. रेषभर हललेलं नव्हतं. आणि पायाखालून ती गुरगुर चालूच होती.

मग जमीन नाही ही. मग कशाचा आवाज? जन्मात पहिल्यांदा मी असं विचारलं.

ड्रायव्हरनं चावी फिरवायच्या आत मी त्याच्या खांद्याला हात लावला. आईची मोडकी कन्नड बाहेर आली, "ब्याड. नेलदाग सप्पळ." नको, जमिनीत आवाज आहे. त्याच्या म्हैसूरकडच्या कानाला आमची सीमेवरची कन्नड गमतीशीर लागली असणार, तो हसायला लागला. मग माझे उघडे पाय बघितले आणि त्याचं हसू गेलं. त्यानं चावीवरचा हात काढला, मान वाकडी करून ऐकलं. मग ओठांवर बोट ठेवून एकच शब्द म्हणाला, "आने."

मी ह्यांच्या कानाशी लागले. "हत्ती म्हणतोय."

मी बसले. पाय पायरीवरून आत घेतले, तळवे पुन्हा पत्र्यावर टेकवले. भीती गेली नव्हती, पण ती गुरगुर आता कोणाची तरी होती, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं, आणि हाकेपासून कोण पळतं?

डावीकडच्या बांबूतून आधी सोंड आली. मग कपाळ, आणि मग ती सगळी हत्तीण, अंगावर ओली माती, कान फडकावत. आमच्यापुढं वीस-पंचवीस पावलांवर वाट ओलांडायला लागली. आम्ही पुढं गेलो असतो तर बरोबर तिथंच असतो. तिच्यामागं दुसरी, तिसरी. दोघींच्या मध्ये एक पिलू, सोंडेचं काय करायचं ते न कळलेलं, स्वतःच्याच सोंडेवर पाय देत चाललेलं. हे ओठ न हलवता मोजत होते, मला ऐकू येत होतं. नऊ. नववी वाटेच्या मध्ये थांबली, आमच्याकडं तोंड केलं, आणि पुन्हा ती गुरगुर आली, एवढी जवळ की माझ्या दातात लागली. मी ह्यांचा हात धरला होता.

सगळे हत्ती तळ्यात उतरले. पायात साखळी कोणाच्या नव्हती.

अर्धा तास आम्ही बघत बसलो. निघाल्यावर साहेबच पहिल्यांदा बोलले. "वहिनी, तुम्हाला कसं कळलं? मला तर काहीच ऐकू आलं नाही."

माझ्याऐवजी हे बोलले. "लातूरची हाय ती." एवढंच, पण गावच्या सरपंचानं बोलावं तसं. मग थोड्या वेळानं माझ्याकडं वळून, "उतरणार होतीस न्हाई?"

"हाव. एक पाय गेला बी होता."

"मंग?"

"तुम्ही पण उतरतो म्हटलात. तुम्हाला पाठीचं दुखणं हाय, जीपमधनं खाली उडी कशी मारली असती."

हे इतके हसले की ड्रायव्हरनं मागं वळून बोट ओठांवर ठेवलं.

परत आल्यावर जेवणघरात ड्रायव्हरनं बाकीच्यांना काय काय सांगितलं ते सगळं मला कळलं नाही, पण 'अम्मा' आणि 'काल', म्हणजे पाय, हे शब्द कळले, आणि चार माणसं वळून माझ्या पायांकडं बघायला लागली. मी लाजून चपला घातल्या. जन्मात एवढा मान मला कुठं मिळाला नव्हता. शाळेत तर नाहीच.

दुपारी हे सामान बांधायला लागले. चारची बस होती. मी म्हटलं, "राहू द्या ते. अजून एक दिवस थांबू."

ह्यांनी हातातला सदरा खाली ठेवला. "कोण म्हणून राहिलं हे?"

"मी."

"तुला बरं बिरं वाटंना का?"

मी एकटीच कचेरीत गेले. खोली रिकामी होती, सकाळच्या फेरीत दोन जागा होत्या, त्या घेतल्या. म्हैसूरच्या पोरीला फोन करून सांगितलं की उद्या येतो, आज न्हाई. ती म्हणाली, "काकू, सगळं ठीक आहे ना?" कोणालाच खरं वाटत नव्हतं.

त्या तिसऱ्या फेरीत काही म्हणजे काही दिसलं नाही. एक मोर, तोही लांब. वर धो धो पाऊस, कापडी छत गळायला लागलं, साहेबांच्या जागी आलेली नवी मंडळी परत फिरा म्हणून कुरकुरत होती. मी तीन तास बसले, डोळे उघडे ठेवून. फाटकावर आल्यावर सगळे घाईनं उड्या मारून आडोशाला पळाले. हे खाली उभे राहून वरती बघत होते, पावसात.

"उतर की आता," ते म्हणाले.

"उतरते," मी म्हटलं. "काय घाई हाय?"