दुसरं बोलावणं

बोलावल्याशिवाय आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, स्वर्गातसुद्धा जेवायला गेले नसते. बोलावणंही एक नव्हे, दोन. पहिलं आवतन आदल्या दिवशी. दुसरं पानं वाढल्यावर, माणसानं स्वतः दारात येऊन. फोन चालत नसे. "फोन काय हात धरून नेते काय गा?" असं विचारत.

एकदा बेसा गावात आतोबांच्या पुतण्याच्या वास्तुशांतीत त्यांचं दुसरं बोलावणं सगळेच विसरले. पंगती उठल्या, भांडी घासायला पडली, तेव्हा कुणाला तरी आठवलं आणि मी हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळ झालेली. दार सताड उघडं, आत दिवा नाही. इस्त्रीचा सदरा घालून ते खुर्चीत ताठ बसले होते, पापणीसुद्धा हलत नव्हती. भूक तोंडावर दिसू नये म्हणून दाढेखाली लवंग धरायची त्यांची सवय. खोलीत नुसता लवंगेचा वास. "निघाचं का?" ते म्हणाले.

हॉटेलातले नियम आणखी कडक. बोलावणाऱ्यानं पैसे द्यावेत आणि जेवणाऱ्यानं ते पाहू नयेत. ते यजमान असले की बिल टेबलावर यायचंच नाही. सकाळीच कधीतरी जाऊन देऊन आलेले असत. दुसरा कोणी देत असला की हे गल्ल्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून स्तब्ध उभे. सावजीच्या खानावळीत नवी गिऱ्हाइकं त्यांना पाहून दचकत. "खाल्लेल्या घासाची किंमत पाहिली का तो पचत नाही गा," हे त्यांचं शास्त्र.

ते गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, पण कावळे काही खाली येईनात. झाडावर दाटीनं बसलेले, एकाचाही आवाज नाही. त्यांच्या मुलानं हात जोडून सगळी वचनं दिली: आईला सांभाळीन, घर विकणार नाही. कावळे ढिम्म. कावळा शिवेपर्यंत पाणी घ्यायचं नाही म्हणून आत्या उन्हात बसून होती, ओठ पार सुकलेले. "त्यायचं काय राहून गेलं गा?" तिनं मला विचारलं. मी वर पाहिलं. ती ताठ बैठक मी पूर्वी पाहिलेली होती.

"दुसरं बोलावणं," मी म्हणालो, आणि तिच्याकडून घराची किल्ली घेऊन स्कूटर काढली. कुलूप उघडलं. खुर्ची तिथेच होती. उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, "आतोबा, पानं वाढली. चला." आणि का कोण जाणे, बाजूला होऊन वाट दिली. परतताना प्रत्येक गतिरोधकावर स्कूटर हळू घेतली. मागं पाहायची हिंमत झाली नाही.

घाटावर स्कूटर लावतो न लावतो तोच एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. आत्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला, तेव्हा मात्र मला रडू आलं. मुलगा भटजींना दक्षिणा देऊ लागला, तसा मी पाठ फिरवून घाटाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. शेजारी लवंगेचा वास आला. मी थोडा सरकलो आणि जागा करून दिली.