खंडेनवमीचा लॉक नट

असले किस्से मी आजवर फक्त टिंगल करायला वाचले. जालना एमआयडीसीत एका सळईच्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघतो. लोखंड किती ताणलं की वाकतं आणि किती ताणलं की तुटतं, हे रोज डोळ्यांसमोर असतं. त्यामुळे ‘आपोआप हललं’ वगैरे कोणी म्हटलं की मला हसू यायचं. आता येत नाही.

आमचं घर भोकरदनला. गेल्या वर्षी खंडेनवमीला मी सकाळी गाडी धुतली. डिकीतला जॅक, पाना आणि लॉक नटची चावी पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू वाहिला. अलॉय व्हील चोरीला जाऊ नये म्हणून प्रत्येक चाकाला एक वेगळ्या खाचांचा नट असतो, तो या चावीशिवाय निघत नाही. पूजलेल्या औजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. माझा विश्वास शून्य, पण आईला बरं वाटतं म्हणून करतो.

दुपारी एकला आईला दम लागला. ओठ निळे पडायला लागले. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, फुप्फुसात पाणी झालंय, आत्ताच्या आत्ता जालन्याला हलवा. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली. आईला मागच्या सीटवर उशीला टेकवलं आणि निघालो. औजारं पाटावरच राहिली... माझ्या लक्षातही आलं नाही.

राजूर ओलांडून थोडं पुढे गेलो आणि मागचं डावं चाक बसलं. डिकी उघडली. स्टेपनी होती, बाकी काहीच नव्हतं. दोन गाड्यांना हात केला, थांबल्या नाहीत. नशिबानं समोरच एक पत्र्याचं गॅरेज होतं. भगवान मिस्त्री, पन्नाशीचा माणूस, दारातच बसला होता. आत पाटावर त्याची पूजा मांडलेली.

“आज न्हाई साहेब. उद्या सीमोल्लंघन झाल्याबिगर मी औजार उचलत न्हाई.”

मला इतकी चीड आली! तेवढ्यात त्याची बायको गाडीत डोकावून आली. “अहो, ती माय पार कासावीस होऊन राह्यली. उचला जल्दी.”

मिस्त्री उठून आत गेला. मग पाटाला डोकं टेकवून पाना उचलला.

साधे चार नट निघाले. लॉक नटावर त्यानं जरा लहान मापाची गोटी, म्हणजे पान्याचं सॉकेट, हातोड्यानं ठोकून बसवली. चावी नसली की सगळे मिस्त्री हेच करतात. पान्याच्या दांड्याला चार फुटी पाइप लावला. डावीकडून मी त्यावर उभा राहिलो – हलला नाही. पाइप उजवीकडे घेऊन दोघांनी खालून खांदा लावला... नाहीच. आणि मागच्या सीटवरून येणारा आईच्या श्वासाचा आवाज बंद झाला.

मिस्त्रीनं पाइप सोडून दिला. त्याचं टोक मातीला टेकलं. उजवा हात टायरवर ठेवून तो हळू बोलला, “माझं काय घ्यायचं ते घे, पण या मायला बराबर पोचव.”

पाइप उचलला गेला.

कोणाचाही हात नव्हता. भर दुपारचे दोन वाजले होते, मी तीन फुटांवर उभा होतो. जड लोखंडी पाइप सावकाश वर आला, सरळ उभा राहिला, जरा थांबला – आणि पलीकडे जाऊन मातीवर टेकला. आवाजसुद्धा झाला नाही. मिस्त्रीच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. मिस्त्रीनं नट बोटांनी फिरवून काढला. त्याच वेळी आईनं मोठा श्वास घेतला.

आम्ही पोचलो. आठ दिवसांनी आई घरी आली.

मी खूप डोकं लावलं. ताणलेला पाइप उसळला असेल, म्हणावं... पण तो इंचभर उसळेल, असा चाकावरून पलीकडे नाही जाणार. कारखान्यात दोघांना सांगितलं, ते हसले. मीही हसलो असतो.

दिवाळीनंतर लाडू घेऊन मिस्त्रीकडे गेलो. डबा त्यानं डाव्या हातानं घेतला. उजवा मांडीवर नुसता पडलेला.

“आई कशी हाये?” त्यानं आधी हेच विचारलं.

“बरी आहे.”

“झालं मंग.”

त्याची बायको म्हणाली, “तुमी गेल्ते ना, तासाभरात खांद्यापासून हात सुन्न पडला. संभाजीनगरला दाखवलं. समदे रिपोर्ट बराबर हायेत. डॉक्टर म्हन्ले, काही बिलकुल सापडत न्हाई.”

मला तोंड वर करता येईना. मी चावी पाटावर विसरलो नसतो तर... असं काहीतरी पुटपुटलो.

“राहू द्या साहेब,” मिस्त्री म्हणाला. “मी बोललो व्हतो ना.”

कोणाला याचं उत्तर माहीत असेल तर खरंच सांगा. आई आता ठणठणीत आहे, स्वतः भाकरी थापते. दर आठवड्याला विचारते, “अरे, त्या मिस्त्रीला जेवायला कधी बोलावून राह्यला?” मी काहीतरी कारण सांगतो. तिनं त्याला डाव्या हातानं जेवताना पाहिलं, तर ती विचारल्याशिवाय राहणार नाही. आणि तिच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही.