नातेवाईकाची सही

डॉक्टरांनी कागदावर यकृत काढलं, त्यात गाठ काढली आणि गाठीला चिकटून वर जाणारी एक जाड रेघ ओढली. ही पायांकडचं रक्त हृदयात नेणारी मोठी शीर. गाठीबरोबर तिचाही तुकडा कापायचा आणि तिथे कृत्रिम नळी शिवायची. बोईसरच्या केमिकल कारखान्यात मी सव्वीस वर्षं पाइपलाइनचा फिटर. मी विचारलं, "लाइन किती वेळ बंद ठेवणार?" ते हसले. मला हसू आलं नाही. यकृताचं दुखणं म्हटल्यावर जो तो दारूचंच विचारी; त्याआधीचा महिना मी पीत नाही हे लोकांना पटवण्यात गेला होता, त्यामुळे डोकं तसंही तापलेलंच होतं.

मग संमतीचा फॉर्म आला. आमच्याकडे कुठलीही लाइन उघडण्याआधी परमिट लागतं. काम करणाऱ्याची एक सही, परवानगी देणाऱ्याची दुसरी. रविवारी साहेब सापडले नाहीत की मी दोन्ही सह्या ठोकून पाना हातात घ्यायचो. नियमात बसत नाही, पण हात सरावलेला. इथेही रुग्णाची सही केली आणि त्याच झटक्यात खाली नातेवाईकाचीही.

नर्सने फॉर्म डॉक्टरांकडे नेला. त्यांनी मला समोर बसवलं. "पोट उघडल्यावर ती शीर कशी निघेल, आज सांगता येत नाही. मध्येच विचारायची वेळ आली तर मी कोणाला विचारू?"

त्यांनी नवा फॉर्म दिला, तो घडी करून मी खिशात घातला. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या शेवटच्या आजारात आणखी एक ऑपरेशन करायचं की नाही, हे मला एका दुपारी ठरवायला सांगितलं होतं. मी नको म्हणालो आणि सही केली. मुलगी नाशिकला, तेव्हा सातवा महिना चालू होता, म्हणून तिला कळवलंच नाही. ती आली ती आई गेल्यावर. त्यानंतर आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं.

खोलीवर परतलो. घरमालकीण मूळची जवळच्याच बेटेगावची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. माझा चेहरा बघून तिने दारातच अडवलं आणि सगळं काढून घेतलं. "पोरीला फोन कर," ती म्हणाली. "नाय आली ती, तर मी हाय. पण आदी तिला सांग."

मी चिडलो. तुम्हाला काय करायचंय, असंही म्हणालो. मग दार लावून घेतलं आणि तासभर फोन हातात धरून बसलो. त्या तासाइतकं एकटं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

शेवटी लावला. मुलगी दुसऱ्या दिवशी आली. फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, सही केली. माझ्याशी कामापुरतं बोलली.

ऑपरेशनच्या वेळी काय झालं ते मला चौथ्या दिवशी कळलं, तेही तिच्याकडून. डॉक्टर मध्येच बाहेर आले होते. गाठीने स्कॅनमध्ये दिसलं त्यापेक्षा जास्त शीर धरली होती. मोठा तुकडा कापून लांब नळी बसवायची, त्यात जिवाला धोका. नाहीतर तसंच पोट बंद करायचं. आत्ता सांगा, म्हणाले. जावई लेकराला घेऊन नाशिकला होता, त्याचा फोन लागेना.

"मग तू काय सांगितलंस?"

"करा म्हटलं. ते आत गेले आणि बाहेर मी एकटीच." ती पांघरुणाचं टोक सारखं करत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आईच्या वेळी तुम्हीपण असेच एकटे होतात?"

"हो."

"मग मला का नाही बोलावलंत?"

तुझी काळजी होती म्हणून, हे उत्तर तीन वर्षं तयार होतं. तिच्याकडे बघून ते देववेना.

"चुकलं माझं," मी म्हणालो.