आमचे वरचे आणि पुठ्ठ्याची भिंत

आमच्या वरच्यांइतका मन लावून पडणारा माणूस पुणे शहरात दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. त्यांच्याबद्दलची आणखी एक गोष्टही मला शपथेवर सांगायची आहे. ती मात्र मी सहा वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की मी त्यांच्या पडण्याच्या गमती सांगायचो, लोक हसायचे, आणि मूळ गोष्टीपाशी आलं की मला कुठला तरी फोन करायची आठवण व्हायची. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर. फोन करायची माणसंही फारशी राहिली नाहीत, तेव्हा लिहूनच टाकतो.

वरचे म्हणजे विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ. मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. ते निवृत्त होऊन राहायला आले, आणि आठवड्याच्या आत आमच्या छतातून रोज सकाळी अकराच्या सुमाराला ‘धप्प’ असा आवाज यायला लागला. एकदा नाही, चार-पाच वेळा, मध्ये ठरावीक अंतर ठेवून. मी सोसायटीचा सेक्रेटरी. चौदा वर्षं ते पद मी कुणाला घेऊ दिलं नाही. तक्रार करायला रजिस्टर काखोटीला मारून वर गेलो. दार वहिनींनी उघडलं. हॉलमध्ये गादी अंथरलेली, आणि तिच्या बाहेर, बरोबर फरशीवर, हे गृहस्थ उताणे.

“अहो, हे काय चाललंय?” मी विचारलं.

“पडतोय,” ते झोपूनच म्हणाले.

“ते दिसतंय. पण का?”

“दुसऱ्या भागात आहे.”

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “बसा ना. चहा टाकते. हे अजून दोनदा पडायचेत.” मग स्वयंपाकघरातून आवाज आला, “बेचाळीस वर्षं झाली लग्नाला, एकदा म्हणून गादीवर पडले नाहीत.”

हा दुसरा भाग म्हणजे त्यांच्या मालिकेचा. वरच्यांनी सारी नोकरी एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासण्यात काढली होती. कोण कसा पडला, कशावरून पडला, पडताना हातात काय होतं आणि चूक कुणाची, हे ठरवणं हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी येऊन ते मुलीबरोबर टीव्हीवर परदेशी व्यंगपट बघायचे. मांजर उंदरामागे धावतंय, तोंडावर तवा बसतोय, कडा संपला तरी कुणी हवेत चालतोय. मुलगी हसायची आणि हे अस्वस्थ व्हायचे. “पडल्याबरोबर चित्र संपवतात हो,” ते मला म्हणाले. “खरा प्रकार तर तिथून पुढे सुरू होतो. फॉर्म भरायचा असतो. शेजारी काय म्हणाले ते ऐकायचं असतं. बायको दोन दिवस बोलत नाही. ते कोण दाखवणार?” ते दाखवायला त्यांनी निवृत्तीनंतर विनोदी मालिका लिहायला घेतली होती. पात्रं सगळी व्यंगपटातली, पण राहायला पुण्यात, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये.

त्यांचा बोका विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेला होता. उंदीर त्याचा भाडेकरू, अकरा महिन्यांच्या करारावर. बोका त्याला खायला बघत नाही, मुदत संपली म्हणून बाहेर काढायला बघतो, आणि उंदीर दर भागात करारातलं नवं कलम काढून त्याच्या तोंडावर धरतो. कड्यावरून हवेत चालत जाणारा लांडगा हिंजवडीत नोकरीला होता. खाली बघितल्याशिवाय पडायचं नाही हा त्या जगाचा नियम, आणि हा मोबाइलमधून डोकं बाहेर काढत नाही, म्हणून बिचारा सोळाव्या भागापर्यंत हवेतच. पहिल्या भागात बोका भिंत फोडून आरपार जातो आणि भिंतीला बोक्याच्या आकाराचं भगदाड पडतं. व्यंगपटात पुढच्या क्षणी भिंत जशीच्या तशी असते. वरच्यांच्या मालिकेत ते भगदाड शेवटपर्यंत राहतं. शेजारीण त्यातून विरजण मागते, पाहुणे त्यातूनच ये-जा करतात, आणि भगदाड सामाईक धरायचं की खासगी यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन भाग जातात. ती मीटिंग वाचताना मी एकदाही हसलो नाही. तीत मला खोट काढण्यासारखं काही सापडेना.

विनोदी मालिकांत मागून वाजवतात तो हशा त्यांना नको होता. “पुण्यात लोक एकदम हसत नाहीत,” ते म्हणायचे. “एक जण ‘हं’ करतो. बाकीचे त्याच्याकडे बघतात.” ते ‘हं’ त्यांनी माझ्याकडून घेतलं. टेपरेकॉर्डर घेऊन खाली आले आणि एका सकाळीत माझ्याकडून एकतीस वेळा ‘हं’ म्हणवून घेतलं. शेवटी म्हणाले, “नववं चांगलं होतं. बाकीच्यांत तुम्ही खूश होताय.”

करून बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा त्यांचा नियम. केळ्याच्या सालीसाठी त्यांनी तीन जातींची केळी आणली. वेलची केळ्याच्या सालीवर माणूस घसरत नाही, हा निष्कर्ष काढायला त्यांना दोन सकाळी लागल्या, आणि केळी संपवायला माझ्या घराला चार दिवस. तव्याचा आवाज निवडायला ते मला रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्कूटरवर हेल्मेट घातलं नाही, पोलिसांशी त्यावर वाद घातले, तो माणूस दुकानाच्या पायरीवर थांबून हेल्मेट घालून आत शिरला आणि एकेक तवा डोक्यावर वाजवून बघायला लागला. दुकानदार बराच वेळ बघत होता. मग मला म्हणाला, “यांना पोळ्या कुठे भाजायच्यात?” नॉनस्टिकचा तवा वरच्यांनी एका ठोक्यात परत केला. “याचा आवाज फार समंजस आहे,” म्हणाले.

हे असंच चाललं असतं तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. पण आमच्या बिल्डिंगमधल्या एका भाडेकरूची बहीण मालिका बनवणाऱ्या कंपनीत होती. तिने वरच्यांचे सगळे कागद वाचले आणि स्पष्ट सांगितलं, “काका, कागदावर मला हसू येत नाहीये. पाच मिनिटं करून दाखवा. जमलं तर मी साहेबांना घेऊन येते.” महिन्याभरावर सोसायटीचा वर्धापनदिन होता. वरच्यांनी ठरवलं, भिंतीचा प्रसंग करायचा. त्या रात्री ते मला म्हणाले होते, “एवढं एक झालं ना, की नोकरीतली ती हजारो माणसं उगाच पडली नाहीत असं वाटेल मला.”

बोक्याचं काम त्यांनी मला दिलं.

“मी? अहो, मी सेक्रेटरी आहे.”

“म्हणूनच. आपटण्याआधी जो आत्मविश्वास लागतो ना, तो तुमच्या चेहऱ्यावर कायम असतो.”

उंदीर वहिनी. वय वर्षं अडुसष्ट, हातात निवडलेला तवा. भिंतीसाठी वरच्यांनी तीन बिल्डिंगमधून फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे खोके जमवले, पुठ्ठे जोडून वर डिस्टेंपर मारला. मग मला त्या पुठ्ठ्यावर आडवं करून भोवतीने पेन्सिल फिरवली. मी नकळत पोट आत घेतलं. “सोडा,” ते म्हणाले. “भिंतीशी खोटं बोलू नका.” त्या रेघेवरून त्यांनी दाभणाने भोकं पाडली, जवळजवळ, हजारो, तीन आठवडे रोज. मी धावत जाऊन धडकलो की बरोबर माझ्या आकाराचा तुकडा, पोट, शेपटी आणि काखोटीतल्या रजिस्टरसकट, सुटून पडणार होता. दुसरी भिंत करायला वेळ नव्हता, म्हणून तालमीत मी भिंतीच्या अलीकडे दोन फुटांवर थांबायचो. तालमीत मी उत्तम थांबायचो.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मालिका कंपनीतली ती मुलगी दुसऱ्या रांगेत, वही उघडून. भिंतीमागे वरचे बांबूने भिंत धरून बसलेले, त्यांच्या शेजारी वहिनी तवा उगारून. त्या दोघांना पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी डोक्याला कान आणि मागे काथ्याची शेपटी लावून उभा. पहिल्या रांगेत आमचे माजी चेअरमन बसले होते. माझं आणि त्यांचं पाण्याच्या टाकीवरून चार वर्षं बोलणं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. “सेक्रेटरी,” ते म्हणाले, “शेपटी शोभते हो तुम्हाला. मीटिंगलाही लावत चला.”

मी धावलो. आठ-दहा पावलं चांगला धावलो. आणि भिंतीपासून दोन फुटांवर मला वाटलं की मी आता एका पुठ्ठ्यातून आरपार जाऊन तोंडावर पडणार, आणि उद्या सकाळी याच माणसांना मला पाणी जपून वापरा म्हणून सांगायचंय. मी थांबलो. शेपटी सावरली, भिंतीला सभ्यपणे वळसा घातला, पलीकडे गेलो, आणि काय करावं ते न सुचून चौदा वर्षांच्या सवयीने म्हणालो, “उपस्थितांचे आभार मानतो आणि कार्यक्रम संपला असं जाहीर करतो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पावभाजीकडे निघाले. वहिनींच्या हातात तवा तसाच उगारलेला. ती मुलगी पुढे आली. “काका, छान होतं,” ती वरच्यांना म्हणाली. “फक्त, मांजर आभार का मानतं ते नाही कळलं.” तिने वही पिशवीत टाकली. ती पुन्हा आली नाही.

वरचे बांबू धरूनच बसले होते. “काय झालं?” त्यांनी मला विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “भिंत हलली.”

“हलली?”

“माझ्याकडे झुकली एकदम. पुढे पोरं बसली होती. म्हटलं, अंगावर नको यायला.”

त्यांनी बांबूकडे पाहिलं, मग बांबू धरलेल्या हाताकडे. “माझा हात हलला असणार,” ते म्हणाले.

“असेल. वय झालं आता,” मी म्हणालो. हे शेवटचं वाक्य माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता छत शांत. तिसऱ्या दिवशीही. मला आधी बरं वाटलं, आठवड्याने मी अकराला मुद्दाम घराबाहेर पडायला लागलो. वरच्यांनी पडणं थांबवलं होतं. ते आता हात तपासत होते. दोन डॉक्टर झाले. दोघांनीही सांगितलं, हात ठणठणीत आहे, कंप वगैरे काही नाही. पण सारी नोकरी ज्या माणसाने दुसऱ्यांच्या चुका शोधून काढल्या, त्याला स्वतःची सापडली होती. डॉक्टरच्या म्हणण्यावर तो ती थोडीच सोडणार. ते उजव्या हाताने चहाचा कप धरेनात. सही करताना डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे. वहिनी मला जिन्यात म्हणाल्या, “अहो, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील.” मी “बघतो” म्हणालो.

वर्धापनदिनाचं इतिवृत्त मीच लिहिलं. ‘भिंत अस्थिर झाल्याने प्रयोग आटोपता घेण्यात आला.’ पुढच्या मीटिंगमध्ये ते वाचून दाखवलं आणि मंजुरीसाठी हात वर करायला सांगितलं. सगळ्यांनी हात वर केले. वरच्यांनी डावा केला.

वर्षभराने ते कात्रजला मुलीकडे राहायला गेले. तिकडे जायला माझी आणखी दोन वर्षं गेली. एका सकाळी उठलो आणि गेलो. दोन बसेस, अख्खं पुणे आडवं पार करायचं. बोलायचं वाक्य बसमध्ये म्हणून म्हणून पाठ केलं. खिडकीतल्या बाईंनी जागा बदलली, म्हणजे मी मोठ्याने म्हणत असणार.

वरचे गॅलरीत खुर्चीवर बसले होते. वाळले होते, पण मला बघून ताडकन उठले. बसा म्हणाले, वहिनींना हाक मारली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “सेक्रेटरी, बरं झालं आलात. एक राहूनच गेलं होतं. त्या दिवशी माझ्या या हातामुळे तुमचं चारचौघांत हसं झालं. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा. पण मला माफ करा.”

त्यांनी हात जोडले. दोन्ही.

मी पाठ केलेलं वाक्य शोधत होतो. वहिनी चहा घेऊन दारात थांबल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. आणि मी, देवाशप्पथ, मी म्हणालो, “जाऊ द्या हो. मी केव्हाच विसरलोय.”

त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी वहिनींना माझ्यासाठी शिरा करायला लावला. मी तो खाल्ला. निघताना ते जिन्यापर्यंत सोडायला आले, आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत वरून बघत राहिले.

चार महिन्यांनी वहिनींचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाल्या.

बसमध्ये पाठ केलेलं ते वाक्य फार मोठं नव्हतं. तुमचा हात हलला नव्हता, मी घाबरलो होतो, मला माफ करा.