पाणीवाल्यांची भाकरी

उंदरांच्या दारात खाकरून मगच आत शिरणारा माणूस उभ्या नाशकात एकच, आणि तो म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले मामा. औषधी वनस्पतींचे अर्क माणसाच्या पोटात जाण्याआधी आम्ही पांढऱ्या उंदरांना देऊन पाहतो, आणि त्या उंदरांची सगळी देखभाल मामांकडे. कुणाच्याही घरात वर्दी दिल्याशिवाय जाऊ नये, हा त्यांचा नियम. अत्तर लावून आलेल्या विभागप्रमुखांना त्यांनी एकदा दारातूनच परत पाठवलं होतं: "सर, त्यांना ठसका लागतो." बस द्वारका चौकात अडकली की मला फोन यायचा, "ताई, त्यांना सांगा, येतोय म्हणून." आणि मी चांगली शिकलेली बाई, पिंजऱ्यांसमोर उभी राहून चक्क सांगायचे. चाचणीच्या शेवटच्या दिवशी उंदीर मारून त्यांची यकृतं तपासावी लागतात. त्या दिवशी मामांचं पोट हमखास बिघडायचं. त्यांची रजा मी न विचारताच धरून चालायचे.

गेल्या वर्षी गुडघेदुखीवरची एक मुळी तपासायला आली, ती नेमकी मामांच्या पेठ तालुक्यातली. त्यांची आई जन्मभर गावाला तिचाच काढा देत आलेली. मामा हबकलेच. "ताई, आयनं गावाला इख तर नाय ना पाजलं?" आम्ही तीन गटांना कमी-जास्त अर्क दिला आणि चौथ्याला नुसतं पाणी. महिनाभराने वजनं पाहिली, तर पाणीवाले गुटगुटीत आणि अर्कवाले सगळे मागे. "मुळी बाधतेय असं दिसतंय, मामा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आले ते खाली मान घालूनच. "ताई, पाणीवाल्यांना मी रोज भाकरी घातली. बाकीच्यांना औषध मिळतंय, ह्या बिचाऱ्यांना नुसतं पाणी. बघवंना." नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी! महिन्याचं काम पाण्यात गेलं होतं. मी अशी भडकले की विचारू नका. "नोकरी जायची तर जाऊ द्या," ते म्हणाले, "पण माझ्या भाकरीपायी तेवढेच जीव पुन्हा जातील, त्याचं काय करू?" मी कागद पुढे ओढला. घडलं ते लिहून वर कळवलं. प्रमुखांनी मामांना खरमरीत ताकीद दिली आणि चाचणी पहिल्यापासून सुरू झाली. या खेपेला मामा आपला डबा माझ्या टेबलावर ठेवूनच आत जायचे.

शेवटच्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं नाही. धुतलेला शर्ट घालून ते दिवसभर दाराबाहेर बसून राहिले. आठवड्याने अहवाल आला. वजनं सारखी, यकृतं निर्मळ. पुढच्या तपासण्या अजून बाकी होत्या, पण वाट मोकळी झाली होती. मी सांगताच मामांनी गावी फोन लावला. "आय, तुझी मुळी चांगली हाय!"

"मला ठावं हाय की," पलीकडून म्हातारी ओरडली. "तू जेवलास का?"

मामा जेवले नव्हते. डबा उचलून ते आत निघाले. पिंजरे रिकामे होते, तरी दारात खाकरले. मग एकेका पिंजऱ्यात भाकरीचा एकेक तुकडा ठेवू लागले. मला पाहून थबकले.

"आता वजन नाय ना करायचं, ताई?"

मी नाही म्हणाले. मग त्यांच्या हातातली अर्धी भाकरी घेतली आणि पलीकडच्या रांगेपासून ठेवत आले.