चांदबिबीच्या महालावरून काढलेलं चित्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी एरवी काही लपवत नाही. तुम्हाला सांगतोय, पण जमेल तसं, थांबत थांबत.

नव्वदच्या दशकात मी नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. दर हिवाळ्यात नववीचा वर्ग चांदबिबीच्या महालावर न्यायचो. डोंगरावरची ती दगडी इमारत, आणि वर चढलं की खाली सगळं नगर पसरलेलं. ते दृश्य मी किती वेळा काढलं असेल! त्यातलं एक चित्र मुख्याध्यापकांच्या खोलीत फ्रेम करून लावलं होतं. कुणी आलं की ते म्हणायचे, "हे आमच्या सरांचं." मला ते ऐकायला फार आवडायचं.

पण त्या चित्रात जीव नव्हता. रेघा सरळ, रंग स्वच्छ — आणि गाव मेलेलं. मला ते कळत नव्हतं का? कळत होतं. मुंबईच्या कलाशाळेनं मला तरुणपणी दोनदा परत पाठवलं होतं, ते काही उगाच नाही.

त्या वर्षी वर्गात मंगल होती. केडगावची, वडील गवंडीकाम करायचे. डोंगरावर बाकीची मुलं ओरडत होती, डबे उघडून बसली होती. ही मात्र वरच्या एका कमानीत मांडीवर पॅड घेऊन दोन तास हलली नाही. मी मागे जाऊन उभा राहिलो.

कसं सांगू? खाली गावातल्या भुईकोट किल्ल्याचा एकही बुरूज तिनं काढला नव्हता — नुसता झाडांचा गोल, गर्द पुंजका. तरी तो किल्लाच होता. घरांना कडा नव्हत्या. दुपारच्या धुळीत गाव अर्धं दिसतं, अर्धं विरतं, अगदी तसं. साध्या पेन्सिलीनं! चौदा वर्षांची पोर.

शिक्षकाला आनंद व्हायला हवा, नाही का? मी जळलो. हे हिला कुणी शिकवलं? मी तर नाही. मला येत असतं तर शिकवलं असतं ना.

"हे काय काढलंस?" सगळ्यांना ऐकू जाईल असं मी विचारलं. "घरांच्या कडा कुठं आहेत?"

तिनं एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे. "सर, हितून कडा दिसतच न्हाईत."

मुलं हसली. मंगल खरं बोलत होती.

इथवरच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

राज्य पातळीवरच्या एका स्पर्धेला शाळेतून एकच चित्र जाणार होतं. निवडलेल्या मुलांना मुंबईत मोठ्या चित्रकारांकडे महिनाभर शिकायला मिळणार होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "मंगलचंच पाठवा." मी हो म्हणालो. पाकिटावर पत्ताही लिहिला. मग ते पाकीट घरी नेलं, आणि सकाळी — चित्र मधोमध फाडून बंबात घातलं. त्याच पाण्यानं अंघोळ केली आणि शाळेत गेलो.

ती रोज मधल्या सुट्टीत यायची. "सर, काही आलं का?" महिन्याभरानं मी सांगितलं, "निवड नाही झाली. कडा कच्च्या आहेत, असं कळवलंय त्यांनी." दुसऱ्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीत आली नाही. दहावीत चित्रकलेच्या परीक्षेला बसली नाही. तिनं पुन्हा काही काढलं का, ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस कुठून आणणार?

बऱ्याच वर्षांनी ती स्टँडवर भेटली. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी होती. मंगल तिला म्हणाली, "पाया पड. ह्या सरांनी माझं चित्र मुंबईला धाडलं हुतं. आपल्यासाठी एवढं कोण करतं?"

मुलगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणालो, "मोठी हो."